नाटक म्हणू नका

हदगाव, तामसा, मनाठा, निवघा, बरडशेवाळा आणि आसपासच्या गावांतल्या आई-वडिलांना, सासू-सासऱ्यांना, नवऱ्यांना, भावंडांना आणि शिक्षकांना ही कळकळीची विनंती आहे.

आपल्या घरात नाहीतर शेजारी एखादं माणूस असं असतं, की त्याच्याशी कसं वागावं तेच कुणाला कळत नाही. सकाळी ती गळ्यात पडते, संध्याकाळी अंगावर येते. फोन उचलला नाही की एकामागून एक फोन लावत राहते. यायला उशीर झाला की, "तुम्हाला मी नकोच आहे." कालपर्यंत जिच्याशिवाय घास उतरत नव्हता, त्या मैत्रिणीचं आज नाव काढलेलं चालत नाही. रागाच्या भरात ताट भिरकावते आणि तासाभरानं कोपऱ्यात बसून स्वतःलाच बोल लावते. उन्हाळ्यातही ती लांब बाह्यांचा कुडता सोडत नाही. एक दिवस बाही वर सरकते आणि आईला मनगटाच्या वर ब्लेडच्या बारीक रेघा दिसतात, काही जुन्या, काही ताज्या.

मग सल्ले सुरू होतात. आजी म्हणते, बाहेरचं आहे, उतरवून घ्या. मामा म्हणतो, लगीन लावून द्या, आपोआप सुधरंल. बाकी सगळ्यांचं एकच, "नाटकं करायलीय, लक्ष देऊ नका."

अशी काही माणसं खरोखर आजारी असतात. या आजाराचं नाव बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर. १९८० पासून तो मानसोपचाराच्या अधिकृत यादीत आहे. जगात शंभरातल्या साधारण एक-दोन माणसांना तो असतो. दवाखान्यात बायका जास्त दिसतात. पुरुषांनाही तो होतो, फक्त त्यांना आपण तापट म्हणतो, बेवडा म्हणतो आणि सोडून देतो.

डॉक्टर एकूण नऊ लक्षणं तपासतात. आपलं माणूस आपल्याला सोडून जाईल ही सततची धास्ती, नात्यांत एका टोकावरून दुसऱ्या टोकाला जाणं, मी नेमकी कोण हेच न कळणं, पैसा, दारू, वेगात गाडी, नको ती जवळीक असं काहीतरी बेभानपणे करणं, स्वतःला इजा करणं किंवा मरणाची भाषा बोलणं, तासातासाला पालटणारं मन, आतून सतत पोकळ वाटणं, न आवरणारा राग, आणि फार ताण आला की संशय घेणं किंवा आपण आपल्यात नसल्यासारखं वाटणं. यातली किमान पाच असावी लागतात, तीही तरुणपणापासून, बऱ्याच काळापासून आणि आयुष्याच्या अनेक बाजूंत. वयात येणारं पोर चार दिवस चिडचिडलं की हा शिक्का मारू नका. मोबाइलवर रील बघून तर अजिबात नको. हे निदान घाईनं होत नाही, ते मानसोपचारतज्ज्ञांचं काम आहे. आपलं काम त्यांच्यापर्यंत पोचवण्याचं आणि घरी सांभाळून घेण्याचं. या लेखात मला त्या दुसऱ्या कामाबद्दलच जास्त बोलायचं आहे.

आधी आत काय होत असतं ते बघू. समजा, आपल्याकडची एक मुलगी लातूरला नीटच्या शिकवणीला आहे, होस्टेलवर राहते. एका संध्याकाळी खोलीतली मैत्रीण तिला न विचारता दुसरीसोबत मेसला जाते. दुसऱ्या एखादीला घटकाभर वाईट वाटलं असतं. हिच्या मनात मात्र बघता बघता सगळं कोसळतं: तिनं मला टाकलं, मी आहेच तशी, मी कुणालाच नको, मग जगून करायचं काय? ती मैत्रिणीला वाट्टेल तसे मेसेज टाकते, ब्लॉक करते, पुन्हा ब्लॉक काढून माफी मागते. उत्तर येत नाही. मग बाथरूम, ब्लेड. रक्त दिसल्यावर आतला कल्लोळ थोडा वेळ थांबतो, म्हणून हात पुन्हा तिकडे वळतो. रात्री ती आईला फोन करते, "मला घेऊन जा, नाहीतर मी उरत नाही." बाप पहाटेच्या एसटीत बसतो. तो पोचतो तेव्हा पोरगी मैत्रिणीच्या हातात हात घालून क्लासला निघालेली असते. बाप भडकतो, "आमचा जीव टांगणीला लावलास अन् तू हसायलीस?"

बापाचा संताप समजण्यासारखा आहे. पण रात्रीचं रडणं खोटं नव्हतं आणि सकाळचं हसूही खोटं नव्हतं. या आजारात मन असंच तासातासाला पालटतं, आणि बहुतेक वेळा त्याला निमित्त जवळच्या माणसाच्या एखाद्या वागण्याचं असतं. कुणी सोडून गेल्याची नुसती शंका आली तरी खरोखर सोडून गेल्याइतकं दुखतं.

मार्शा लिनेहान या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बाईंनी या माणसांची तुलना सर्वांगाला भाजलेल्या रोग्याशी केली आहे. कातडीच उरलेली नाही, त्यामुळे नुसता हात लागला तरी प्राण कंठाशी येतात. बाईंचा शब्द मोलाचा आहे, कारण हे सगळं त्यांनी स्वतः भोगलं होतं. १९६१ मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी, त्यांना कनेटिकटमधल्या एका मनोरुग्णालयात दाखल केलं गेलं. त्या स्वतःला कापत, चटके देत, भिंतीवर डोकं आपटत. त्यांना एकांत कोठडीत ठेवलं होतं. दोन वर्षांहून जास्त काळ त्या तिथे होत्या. बाहेर पडल्यावर त्या शिकल्या, पीएचडी झाल्या, आणि अशा रोग्यांसाठी त्यांनी डीबीटी नावाची उपचारपद्धती उभी केली. १९९३ मध्ये तिचं पुस्तक आलं. आज जगभर या आजारावर ज्या उपचारांचा आधार घेतात, त्यांत ही पद्धत पुढे आहे. आपण कधीकाळी रुग्ण होतो हे बाईंनी २०११ मध्ये, त्याच रुग्णालयात उभं राहून, जगाला सांगितलं.

हे कशामुळे होतं? काहींचा पिंडच जन्मतः हळवा असतो. भावना चटकन उसळते, उंच जाते आणि उतरायला वेळ लावते. यात आनुवंशिकतेचा वाटा बराच असतो. त्यात घर किंवा शाळा असं मिळालं, की रडलं तर "गप बस", भ्यालं तर "भित्रट कुठली", तर आपल्याला जे वाटतं ते खरं की खोटं हेच लेकराला कळेनासं होतं. बऱ्याच जणांच्या बालपणी मारहाण, लैंगिक अत्याचार किंवा आई-बापाची ताटातूट झालेली असते. पण सगळ्यांच्या नाही. म्हणून एखाद्या मुलीला हा आजार निघाला की लगेच तिच्या आईकडे बोट दाखवू नका. ती माउली आधीच रात्र रात्र जागी असते.

आता सगळ्यात आनंदाची गोष्ट सांगतो. हा आजार हटतो. मेरी झानारिनी यांनी अमेरिकेत मॅक्लीन रुग्णालयातल्या २९० रुग्णांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. दहा वर्षांत त्यांतल्या १०० पैकी ९३ जणांची लक्षणं किमान दोन वर्षं सलग ओसरलेली दिसली. नोकरी, शिक्षण, नाती हे सगळं मार्गी लागायला त्याहून जास्त वेळ लागतो, तिथवर निम्मे पोचले. पण "ही अशीच राहणार" हे वाक्य खोटं आहे. ते घरात तिच्या कानावर पडू देऊ नका.

घरात बोलायचं कसं, ते आता बघू. हळदीची काढणी सुरू आहे, आई दिवस मावळल्यावर शेतातून येते. दारातच लेक अंगावर येते, "तुला माझी काही पडलेलीच नाही, तू मुद्दाम उशीर केलास!" आईच्या तोंडून सहज निघतं, "दिवसभर राबून आले अन् दारात पाय ठेवताच तुझं हे. असं काय आभाळ कोसळलं रडायला?" शब्द खरे आहेत, पण लेकीला ऐकू येतं ते एवढंच: तुझं दुखणं खोटं. ती आवाज वाढवते, आई वाढवते, मग ताट जातं.

आता दुसरी रीत. आई पिशवी खाली ठेवते आणि म्हणते, "उशीर झाला खरं. तू एकटीच होतीस, डोक्यात नको नको ते आलं असंल. मी आले आता. हातपाय धुते, मग दोघी चहा घेऊ." यात आईनं "मी मुद्दाम उशीर केला" असं कबूल केलेलं नाही, लाडही केलेले नाहीत. तुला भीती वाटली हे मला दिसलं, एवढंच तिनं सांगितलं. भावना खरी मानायची, आरोप मानायची गरज नाही. लिनेहानबाईंच्या पद्धतीचा हा पाया आहे. पहिल्या दिवशी हे जमणार नाही, चौथ्या दिवशीही तोंडातून जुनंच वाक्य निघेल. तरी लावून धरा.

भावना मानायची म्हणजे वाट्टेल ते सहन करायचं, असं मात्र नाही. "तू चिडलीस हे कळतंय मला. पण भांडी फेकलेली चालणार नाहीत. मी ओसरीवर जाऊन बसते, पंधरा मिनिटांनी परत येते." एवढं बोला आणि पंधरा मिनिटांनी खरंच परत या. या माणसांना सगळ्यात मोठं भय सोडून जाण्याचं आहे. त्यामुळे गेलेलं माणूस सांगितल्या वेळेला परत येतं, हे त्यांनी पुन्हा पुन्हा डोळ्यांनी बघणं हाच घरातला मोठा उपचार आहे. दहा मिनिटं म्हणून तासभर शेजारी गप्पा मारत बसलात, तर कमावलेलं सगळं गेलं. आणि रागाच्या भरात "निघ घरातून", "मेलीस तर सुटू आम्ही" असलं काही बोलू नका. रागात बोललेलं आपण सकाळी विसरतो, ती वर्षानुवर्षं विसरत नाही.

घरात नियम सगळ्यांचा एकच हवा. बापानं नाही म्हटलेलं आजीनं गुपचूप द्यायचं, भावानं वरून चिडवायचं, असं चाललं की ती तर बिथरतेच, घरातही दोन तट पडतात. आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. तिनं हात कापला तरच सगळं घर धावतं, आणि ती शांत असते तेव्हा तिच्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही, असं होत असेल तर ते आधी बदला. बऱ्या दिवशी तिच्याजवळ बसा. तिला स्वयंपाकात, हिशेबात, बाजारात सोबत घ्या. जखम केल्यावर मलमपट्टी करा, शांतपणे, भाषण न देता.

भावनेचा कडेलोट होतो तेव्हा समजावण्याचा उपयोग नसतो. त्या वेळी शरीराच्या वाटेनं जावं लागतं. श्वास रोखून थंडगार पाण्यात थोडा वेळ चेहरा बुडवला की हृदयाचे ठोके मंदावतात (हृदयविकार असलेल्यांनी हे करू नये). हातात बर्फाचा खडा घट्ट धरायचा. धाप लागेपर्यंत भरभर चालायचं. श्वास घेताना चार आणि सोडताना आठ आकडे मोजायचे. तो क्षण टळला की बोलायला जागा होते. हे शांत दिवशी एकत्र बसून ठरवून ठेवा, कागदावर लिहून कपाटाला आतून चिकटवा.

मरणाची भाषा ऐकली की घरचे एकतर हादरतात, नाहीतर "रोजचंच आहे" म्हणून सोडून देतात. दोन्हीही चूक. या आजारात आत्महत्येचा धोका खरा आहे, आणि दहा वेळा नुसतं बोललेलं माणूस अकराव्या वेळी करून बसू शकतं. थेट विचारा, "जीव द्यावा असं वाटतंय का? कसा द्यायचा ते ठरवलंस का?" विचारल्यानं डोक्यात विचार घुसत नाही. उलट, बोलायला माणूस मिळाल्यानं बहुतेकांना हलकं वाटतं.

कापूस, सोयाबीन, हळदीच्या आपल्या मुलखात घरोघरी फवारणीचं औषध असतं. पलंगाखाली, कोठीत, संडासाच्या भिंतीवर, कुठेही ठेवलेलं. मला शक्य असतं तर हा एक परिच्छेद मी गावोगाव दवंडी पिटून सांगितला असता. आत्महत्येची उबळ पुष्कळदा काही मिनिटांचीच असते. त्या मिनिटांत हाताशी काय सापडतं, यावर जगणं-मरणं ठरतं. श्रीलंकेनं १९९० च्या दशकापासून अतिविषारी कीटकनाशकांवर एकामागून एक बंदी घातली आणि पुढच्या दोन दशकांत तिथला आत्महत्यांचा दर साधारण ७० टक्क्यांनी उतरला. सरकार काय करायचं ते करो, आपण आज संध्याकाळी एक कुलूप लावू शकतो. औषध घराबाहेर पेटीत किंवा शेतातल्या कोठ्यात कुलपात ठेवा, किल्ली कमरेला. लागेल तेवढंच आणा, उरलेलं घरात साठवू नका. उंदराचं औषध, झोपेच्या गोळ्या, आजोबांच्या बीपीच्या गोळ्या, हे सगळं त्याच कुलपात.

तरीही कुणी घेतलंच, तर मिठाचं पाणी पाजून ओकाऱ्या काढण्यात वेळ घालवू नका, त्यानं नुकसान होतं. कपडे बदला, अंगावर सांडलेलं धुऊन काढा, बाटली सोबत घ्या, १०८ ला फोन करा आणि दवाखाना गाठा. पोलिस केसच्या भीतीनं लोक गावातच घरगुती उपाय करत बसतात आणि त्यात माणूस जातं. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ मध्ये झाला, मे २०१८ मध्ये लागू झाला. त्याच्या कलम ११५ नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र मानसिक ताणाखाली होती असंच गृहीत धरायचं आणि तिच्यावर खटला भरायचा नाही. पुढे १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, तेव्हा जुन्या दंडसंहितेतलं ३०९ कलमच तिच्यात उरलं नाही. दवाखाना पोलिसांना कळवतो, जबाब होतो, पण तेवढ्यासाठी घाबरू नका.

दवाखान्यातल्या मंडळींनाही दोन शब्द. हाताला टाके घालताना "पुन्हा आलीस का?" असा टोमणा मारला जातो, हे अनेक घरांतून ऐकायला मिळतं. ती पुन्हा आली म्हणजे तिनं अजून मदत मागणं सोडलेलं नाही. टाके घालून झाले की मानसोपचार विभागाची चिठ्ठी द्या.

लग्नाबद्दल स्पष्टच सांगतो. लग्न हा या आजारावरचा उपाय नाही. ज्या पोरीला जवळचं माणूस दूर जाण्याची धास्ती आहे, तिला एका रात्रीत सगळी ओळखीची माणसं सोडून परक्या घरात पाठवणं म्हणजे नेमकं दुखऱ्या जागी मारणं. ती लग्न करू शकते, संसारही चांगला करू शकते. पण आधी उपचार, मग लग्न, तेही समोरच्या घराला सगळं सांगून. लपवून केलेल्या लग्नाचे भोग पोरगीच भोगते.

देवाधर्माला माझा विरोध नाही. माहूरला जाऊन आईचं दर्शन घेतल्यानं मनाला उभारी येत असेल तर जरूर जा. पण भूत उतरवतो म्हणून बांधणाऱ्या, मारणाऱ्या, चटके देणाऱ्या माणसाच्या हाती लेकरू देऊ नका. महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं तो गुन्हा आहे.

मग जायचं कुठे? पहिलं पाऊल घरबसल्या टाकता येतं. टेलि-मानस ही सरकारी सेवा १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली. १४४१६ हा नंबर लावा, चोवीस तास चालतो, पैसे लागत नाहीत, मराठीतून बोलता येतं. रुग्णच नाही, घरचं माणूसही फोन करू शकतं. गावातल्या आशाताईला विश्वासात घ्या. मराठवाडा-विदर्भातल्या १४ जिल्ह्यांसाठी सरकारनं २०१५ मध्ये प्रेरणा प्रकल्प काढला, त्यात शेतकरी कुटुंबांतली उदासी ओळखण्याचं काम आशांवरच सोपवलं होतं. हदगावच्या सरकारी दवाखान्यात मानसिक आरोग्याची ओपीडी असते का, असली तर कोणत्या दिवशी, ते विचारून घ्या. नांदेडला विष्णुपुरीच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात मानसोपचार विभाग आहे. पोरगी लातूरला शिकत असेल तर तिथल्या विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्थेत दाखवा.

जाताना एक वही न्या. गेल्या महिन्या-दोन महिन्यांत काय काय घडलं, कशावरून घडलं, किती वेळ टिकलं, हे तारखेसह लिहा. डॉक्टरांकडे वेळ थोडा असतो, ही वही त्यांना फार उपयोगी पडते. मन आठवडे-आठवडे चढलेलं किंवा उतरलेलं राहतं, की तासातासाला बदलतं, यावरून दुसऱ्या आजारांपासून हा वेगळा ओळखायला मदत होते. तिला डॉक्टरांशी एकटीनं बोलू द्या.

गोळीनं हा आजार मुळापासून जात नाही. सोबतची उदासी, चिंता, झोप यांसाठी डॉक्टर गोळ्या देतील, त्या त्यांना विचारल्याशिवाय बंद करू नका. खरा उपचार बोलण्याचा आहे, आठवड्याला एकदा, महिनोन् महिने. डीबीटी शिकलेले तज्ज्ञ आपल्या भागात शोधावे लागतील, पण नियमित, भरवशाचा समुपदेशक मिळाला तरी पुष्कळ फरक पडतो. अनेक जण आता फोनवर, व्हिडिओवरही भेट देतात. हदगावहून दर आठवड्याला नांदेड गाठणं मजुरी बुडवणाऱ्या घराला परवडत नाही, तेव्हा हा पर्याय डॉक्टरांना आवर्जून विचारा. ठाण्याच्या आयपीएच संस्थेचे मनाच्या आरोग्यावरचे मराठी व्हिडिओ मोबाइलवर फुकट बघता येतात. घरच्यांनी ते एकत्र बसून बघावेत.

आणि सांभाळणाऱ्यांनो, तुमच्याबद्दल. एकट्या आईवर सगळं टाकू नका. बाप, भाऊ, मावशी, एखादी जाणती शेजारीण, यांनी पाळ्या लावून घ्या. आठवड्यात एक संध्याकाळ आईची स्वतःची, भजनाला जायची, बहिणीकडे जायची, नुसतं झोपायची. ती जाणार आहे आणि किती वाजता परत येणार आहे, हे लेकीला आदल्या दिवशीच सांगा. झोप लागत नसेल, जेवण जात नसेल, तर डॉक्टरांना तुमचंही दुखणं सांगा, त्याच ओपीडीत, त्याच दिवशी.